क्रूझ जहाज ८ तास थांबतं, मग फिरायला ४च तास का मिळतात? कोचीच्या उदाहरणासह पूर्ण हिशोब

इन्स्टाग्रामवर एका ठरावीक प्रकारचा व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. भलंमोठं क्रूझ जहाज धक्क्याला लागलेलं असतं. वरच्या मजल्यांवर लोक कठड्याला रेलून, मोबाइल रोखून उभे असतात. आणि खाली धक्क्यावरून दोन माणसं हातातल्या पिशव्या सावरत जीव खाऊन पळत असतात. वरून शिट्ट्या, टाळ्या, आरडाओरडा. कधी ती दोघं पोचतात. कधी जिना उचललेला असतो, दोर सुटलेले असतात आणि आपलं सामान, आपली खोली, आपली औषधं घेऊन निघालेलं जहाज नुसतं बघत राहावं लागतं. अशा प्रवाशांना 'पिअर रनर', म्हणजे धक्क्यावरचे धावपटू, असं नावच पडलंय.

व्हिडिओ बघताना हसू येतं. पण हे लोक काही बेजबाबदार असतात असं नाही. बहुतेकांचा हिशोब चुकलेला असतो, आणि तो चुकणं फार सोपं आहे. मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीपच्या दिशेने जाणाऱ्या क्रूझमुळे आता आपल्याकडचेही अनेक जण आई-वडिलांना, मुलाबाळांना घेऊन असा प्रवास करतात. कार्यक्रमपत्रिकेत लिहिलेलं असतं, "कोची : सकाळी ८ ते दुपारी ४". आपण म्हणतो, वा, ८ तास! मग यादी तयार होते. किल्ला, चिनी जाळी, राजवाडा, हाउसबोट, मसाले, साडी, जेवण.

तर आज हाच हिशोब समजून घेऊ. थांबा ८ तासांचा असताना हातात किती वेळ पडतो, जहाज दोन माणसांसाठी १० मिनिटं का थांबत नाही, आणि कोचीसारख्या शहरात मिळालेल्या वेळेत नेमकं काय बघावं.

८ तासांचे ४ कसे होतात?

ही साधी वजाबाकी आहे. फक्त ती शेवटाकडून करायची.

समजा जहाज ८ वाजता धक्क्याला लागलं. 'लागलं' म्हणजे लगेच उतरता येतं असं नाही. आधी दोर बांधले जातात, जिना लागतो, बंदरातल्या अधिकाऱ्यांकडून कागदपत्रांची मंजुरी येते. मग शेकडो माणसं एकाच वेळी खाली यायला निघतात. ओळखपत्र, सुरक्षा तपासणी, टर्मिनलमधून बाहेर. सगळं सुरळीत झालं तरी गाडीत बसेपर्यंत सव्वानऊ धरून चाला.

आता दुसरं टोक. पत्रिकेत लिहिलेले दुपारचे ४ ही जहाज सुटण्याची वेळ आहे. परत चढण्याची शेवटची वेळ वेगळी असते, तिला 'ऑल अबोर्ड' म्हणतात. ती बहुतेकदा अर्धा तास आधी असते, काही ठिकाणी त्याहूनही आधी. म्हणजे साडेतीन. त्या वेळी तुम्ही जहाजावर असायला हवं, टर्मिनलच्या दाराशी नव्हे. दाराशी पुन्हा तपासणीची रांग असते आणि शेवटच्या तासात ती सगळ्यात लांब असते. म्हणून टर्मिनलवर अडीचला पोचायचं ठरवा. शहरातून परत यायला पाऊण तास लागेल असं धरलं, तर पावणेदोनला निघावं लागेल.

आणि सकाळी? सव्वानऊला गाडीत बसलात, तर पहिल्या ठिकाणी पोचायला पावणेदहा-दहा होतात.

दहा ते पावणेदोन. पावणेचार तास. ८ तासांच्या थांब्यातून हातात इतकाच वेळ येतो. त्यातही जेवण, पाणी, स्वच्छतागृह आणि ग्रुप फोटो आलेच. म्हणून यादी करायची ती ४ तासांची. ८ तासांची यादी केलीत, तर उरलेले ४ तास धावण्यात जातात.

आणखी एक बारकी गोष्ट. जहाजाचं घड्याळ आणि गावाचं घड्याळ एकच असेल असं नाही. मुंबई-कोची प्रवासात हा प्रश्न येत नाही. पण थायलंड, सिंगापूर किंवा युरोपातल्या क्रूझवर कधीकधी जहाज स्वतःची वेळ बदलत नाही आणि तुमचा मोबाइल मात्र स्थानिक नेटवर्क पकडून आपोआप बदलतो. परतायची वेळ कोणत्या घड्याळाची आहे, हे उतरताना विचारून घ्या. शक्य असेल तर हातात साधं घड्याळ बांधा आणि ते जहाजाच्या वेळेवर ठेवा.

जहाज १० मिनिटं थांबत का नाही?

एसटी सुटत असताना कुणीतरी ओरडतं, "मास्तर, माणूस येतोय!" आणि कंडक्टर बेल मारून गाडी थांबवतो. मग इतक्या महागड्या जहाजाला ही माणुसकी का नसावी?

कारण जहाज सुटणं हे एकट्या कप्तानाच्या हातात नसतं. बंदरातून बाहेर पडताना मोठ्या जहाजावर स्थानिक पायलट चढतो. त्याला त्या खाडीतलं खोल पाणी, गाळ आणि प्रवाह पाठ असतात. त्याची वेळ ठरलेली असते. जहाज ढकलायला-ओढायला टग बोटी लागल्या तर त्यांचीही. बंदराची वाट अरुंद असते, त्यामुळे कोणतं जहाज कधी आत येणार आणि कधी बाहेर जाणार याचा क्रम आधीच लावलेला असतो. आपण जागा सोडली नाही, तर तिथे येणारं दुसरं जहाज बाहेर खोळंबतं. धक्का वापरण्याचं भाडंही वेळेवर असतं.

दुसरं कारण इंधनाचं. इथे उशीर झाला तर पुढच्या बंदरात वेळेवर पोचायला वेग वाढवावा लागतो. आणि पाण्यात वेग वाढवणं फार महागात पडतं. ढोबळ नियम असा, की जहाज चालवायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वेग १० टक्क्यांनी वाढवला तर इंजिनाला जवळपास ३३ टक्के जास्त ताकद लावावी लागते. दोन माणसांसाठी घालवलेला अर्धा तास रात्रभर टनावारी तेल जाळून भरून काढावा लागतो.

तिसरं कारण म्हणजे वर बसलेले बाकीचे लोक. त्यांचाही पुढचा थांबा त्याच वेळापत्रकावर उभा असतो.

जहाजाला तुम्ही आला नाहीत हे कळत नाही असं मात्र नाही. उतरताना आणि चढताना तुमचं कार्ड स्कॅन होतं, त्यामुळे कोण बाहेर आहे याची नावासकट यादी तयार असते. सुटायच्या आधी त्या नावांची घोषणाही होते. काही वेळा थोडी वाट बघितलीही जाते. पण ती कप्तानाची सवलत असते, तुमचा हक्क नव्हे.

बंदर म्हणजे शहर नव्हे

थांब्याचं नाव वाचताना आणखी एक फसगत होते. पत्रिकेत शहराचं नाव असतं, पण जहाज लागतं भलत्याच गावाला. 'रोम' लिहिलेलं असतं आणि जहाज चिविताव्हेक्कियाला थांबतं. तिथून रोम ७० किलोमीटरहून लांब आहे. 'बँकॉक'साठी लेम चाबांग हे बंदर, तिथून शहर शंभराहून जास्त किलोमीटर. 'पॅरिस'साठी ल हाव्र, तिथून पॅरिस जवळपास २०० किलोमीटर. आपल्याकडे गोव्याचंच बघा. जहाज मुरगावला लागतं आणि पणजी तिथून साधारण ३० किलोमीटरवर आहे.

काही ठिकाणी तर जहाज धक्क्याला लागतच नाही. ते समुद्रात नांगर टाकतं आणि प्रवाशांना छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात. ग्रीसमधलं सांतोरिनी हे त्यातलं गाजलेलं उदाहरण. लक्षद्वीपच्या बेटांवरही मोठी जहाजं बाहेरच थांबतात. अशा ठिकाणी बोटीची रांग दोन्ही वेळेला असते आणि समुद्र खवळला तर थांबाच रद्द होऊ शकतो.

म्हणून तिकीट काढण्याआधी तीन प्रश्न विचारा. बंदराचं खरं नाव काय? तिथून शहर किती लांब? जहाज धक्क्याला लागणार की नांगर टाकणार?

या तिन्ही प्रश्नांत कोची चांगल्या मार्कांनी पास होतं.

कोची इतकं सोयीचं का?

कोचीत क्रूझ जहाजं विलिंग्डन बेटावर लागतात. हे बेट बहुतांशी माणसाने बनवलेलं आहे. कोचीच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा एक कडक पट्टा आडवा पडलेला होता, त्यामुळे मोठी जहाजं आत येऊ शकत नव्हती. १९२०मध्ये रॉबर्ट ब्रिस्टो नावाचा इंग्रज अभियंता इथे आला. वाळूचा पट्टा कापून जहाजांसाठी खोल वाट काढण्याचं काम त्याच्या देखरेखीखाली झालं. १९२८मध्ये 'पद्मा' हे जहाज त्या नव्या वाटेने आत आलं. वाट खोदताना निघालेला प्रचंड गाळ टाकायचा कुठे? त्यातूनच हे बेट उभं राहिलं. मद्रासचे गव्हर्नर आणि पुढे व्हाइसरॉय झालेल्या लॉर्ड विलिंग्डनचं नाव त्याला मिळालं.

मुळात कोची हे बंदरच पुराने दिलेलं मानलं जातं. १३४१मध्ये पेरियार नदीला महापूर आला, उत्तरेकडचं प्राचीन मुझिरिस बंदर गाळाने भरलं आणि कोचीजवळ खाडीचं तोंड मोकळं झालं, असं सांगतात. नंतर अरब, चिनी, पोर्तुगीज, डच, इंग्रज, सगळे मिरीच्या वासाने इथे आले. आणि त्यांच्या खुणा मट्टांचेरी आणि फोर्ट कोची या एकमेकांना लागून असलेल्या दोन भागांत दाटीवाटीने उभ्या आहेत. विलिंग्डन बेटावरून पूल ओलांडला की तोप्पुंपडीमार्गे हा सगळा परिसर १० किलोमीटरच्या आत आहे. रस्ता मोकळा असेल तर अर्धा तास, गर्दी असेल तर पाऊण तास.

म्हणजे ४ तासांच्या पाहुण्याला असंच शहर हवं. सगळं जवळ, आणि बरंचसं पायी बघता येणारं.

आधी मट्टांचेरी, मग फोर्ट कोची

क्रम महत्त्वाचा आहे, आणि त्याला कारण आहे. मट्टांचेरीतल्या वास्तूंना उघडण्या-बंद होण्याच्या वेळा आहेत, फोर्ट कोचीचा समुद्रकिनारा मात्र दिवसभर उघडाच असतो. म्हणून आधी दारं असलेली ठिकाणं, मग मोकळं आकाश.

मट्टांचेरी राजवाडा (पाऊण तास) : याला 'डच पॅलेस' म्हणतात, पण बांधला पोर्तुगिजांनी, १५५५च्या सुमारास, आणि कोचीच्या राजाला भेट दिला. नंतर १६६३मध्ये डचांनी दुरुस्ती करून वाढवला आणि नाव त्यांचं चिकटलं. बाहेरून साधा, उतरत्या छपराचा वाडा दिसतो. खरी गंमत आत आहे. राजाच्या शयनगृहाच्या भिंतींवर रामायणातले प्रसंग रंगवलेले आहेत. गडद लाल, पिवळा, हिरवा रंग, आणि रिकामी जागा जवळपास नाहीच. घाईत असलात तरी या एका खोलीत १० मिनिटं शांत उभे राहा.

परदेसी सिनेगॉग (अर्धा तास) : राजवाड्यापासून चालत काही मिनिटांवर. ज्यू लोकांचं हे प्रार्थनामंदिर १५६८चं आहे. 'परदेसी' हा शब्द आपल्याला ओळखीचाच, म्हणजे बाहेरून आलेल्या ज्यूंचं मंदिर. आत खाली बघा. १८व्या शतकात चीनमधून आणलेल्या, हाताने रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या फरश्या पायाखाली आहेत. बाहेरचा घड्याळाचा मनोरा १७६०चा. त्याच्या वेगवेगळ्या बाजूंच्या तबकड्यांवर हिब्रू, रोमन आणि मल्याळम आकडे आहेत. ज्याने त्याने आपापल्या लिपीत वेळ बघावी! इस्राएल स्थापन झाल्यावर इथले बहुतेक ज्यू तिकडे गेले. आता मागे राहिलीय ती ज्यू टाउनची गल्ली. तिथे जुन्या वस्तूंची आणि मसाल्याची दुकानं आहेत. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल समाजाशीही या कोचीचं नातं आहे. १९व्या शतकात कोचीहून आलेल्या ज्यू शिक्षकांनी बेने इस्राएलांना धर्मशिक्षण दिलं होतं.

फोर्ट कोची (दीड तास, जेवणासह) : रिक्षाने १०-१५ मिनिटांत इथे पोचता. सेंट फ्रान्सिस चर्चचा आरंभ १५०३चा, तेव्हा ते लाकडी होतं. वास्को द गामा १५२४मध्ये कोचीतच वारला आणि त्याला इथे पुरलं. पुढे त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेल्या, पण थडग्याची शिळा अजून जागेवर आहे. तिथून चालत किनाऱ्यावर आलात की चिनी जाळी दिसतात. लाकडी वाशांचा भलामोठा सांगाडा, एका टोकाला जाळं, दुसऱ्या टोकाला दोरांना लटकवलेले दगड. काही माणसं मिळून दोर ओढतात, दगडांच्या वजनाने तोल सांभाळला जातो आणि जाळं पाण्यातून वर येतं. ही जाळी थेट चिनी व्यापाऱ्यांनी आणली, की पोर्तुगिजांनी मकाऊहून, याबद्दल दोन मतं आहेत.

देवनागरीतलं एक पत्र

मट्टांचेरीतून जाताना कानावर कोकणी शब्द पडले तर दचकू नका. १६व्या शतकात पोर्तुगिजांच्या धार्मिक जाचामुळे गोवा सोडून निघालेली अनेक गौड सारस्वत कुटुंबं दक्षिणेकडे आली आणि त्यातली काही कोचीत स्थिरावली. मट्टांचेरीतलं तिरुमला देवस्वम हे त्यांचं मोठं मंदिर. घरात कोकणी, बाजारात मल्याळम, असा हा समाज इथे शेकडो वर्षं नांदतोय.

याच समाजातल्या तीन वैद्यांची एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे. कोचीचा डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर 'होर्टस मलबारिकस' हा १२ खंडांचा ग्रंथ तयार करून घेतला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्यासाठी इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याने माहिती दिली, तशीच रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन कोकणी वैद्यांनीही दिली. या तिघांनी १६७५मध्ये दिलेलं कोकणीतलं प्रमाणपत्र पहिल्या खंडात देवनागरी लिपीतच छापलेलं आहे. छापील देवनागरीच्या अगदी सुरुवातीच्या नमुन्यांमध्ये त्याची गणना होते. म्हणजे शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकानंतर वर्षभराने कोचीत बसून कुणीतरी आपल्या लिपीत लिहीत होतं, आणि ते युरोपात छापलं गेलं.

ज्यांना या मंदिरात जायचंय त्यांनी सकाळीच जावं. केरळातली बहुतेक मंदिरं दुपारी बंद असतात, आणि पोशाखाचे नियमही कडक असतात. पण मग राजवाडा किंवा सिनेगॉग यातलं एक सोडावं लागेल. चार तासांत असंच असतं, एक घेतलं की एक सुटतं.

वार बघितला का?

ही सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. क्रूझ अनेकदा शनिवार-रविवार धरून आखलेल्या असतात आणि कोचीतली ठिकाणं नेमकी त्याच सुमारास बंद असतात. मट्टांचेरी राजवाडा शुक्रवारी बंद. सिनेगॉग शुक्रवारी दुपारपासून आणि शनिवारी पूर्ण दिवस बंद, कारण तो ज्यूंचा पवित्र वार. ज्यू सणांनाही बंद. इतर दिवशी सिनेगॉग साधारण सकाळी १० ते दुपारी १ उघडं असतं, मग थेट ३ नंतर. तुम्ही ३ वाजता रांगेत असणार, जहाजाच्या! म्हणून सकाळीच आटपा. रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना सुरू असू शकते.

तेव्हा आधी थांब्याची तारीख कोणत्या वारी येते ते बघा आणि मग यादी करा. शनिवार आला तर राजवाडा, ज्यू टाउनची गल्ली आणि फोर्ट कोची. शुक्रवार आला तर सिनेगॉग, मंदिर आणि फोर्ट कोची. सिनेगॉगमध्ये खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे लागतात, हेही लक्षात ठेवा.

काय सोडून द्यायचं?

पहिलं, मुन्नार. नकाशावर जवळ दिसतं, पण कोचीहून ते सव्वाशेच्या वर किलोमीटर आणि घाटरस्ता. जायलाच चार तास. अथिरापल्लीचा धबधबाही ७० किलोमीटरच्या आसपास.

मोह होतो तो अलप्पुळाच्या, म्हणजे अलेप्पीच्या, हाउसबोटचा. अंतर पन्नासेक किलोमीटर, रस्ता राष्ट्रीय महामार्ग ६६. हो, आपला पनवेलहून निघणारा मुंबई-गोवा महामार्ग तो हाच, पुढे कन्याकुमारीपर्यंत जातो. आणि त्या रस्त्यावरच्या कोंडीबद्दल कोकणात जाणाऱ्याला वेगळं सांगायला नको. जाऊन-येऊन तीन तास रस्त्यातच गेले तर हाउसबोटीवर अर्ध्या तासाचा फोटो तेवढा होईल. आणि एक ट्रक आडवा झाला की तुम्हीच पिअर रनर.

पाण्यातून फिरायचंच असेल तर कोचीतच सोय आहे. २०२३मध्ये सुरू झालेली कोची वॉटर मेट्रो ही बॅटरीवर चालणाऱ्या बोटींची सेवा आहे, आणि भारतातली अशी पहिलीच. हायकोर्ट ते फोर्ट कोची हा तिचा मार्ग आहे. फोर्ट कोचीतून एक फेरी मारून येता येते. मात्र तिकिटाची रांग मोठी दिसली तर नाद सोडा आणि किनाऱ्यावरच बसा.

जहाजाची टूर घ्यावी की स्वतः फिरावं?

जहाजाची टूर महाग असते, पण त्या पैशात एक विमा असतो. त्यांच्या बसला उशीर झाला तर जहाज सहसा थांबतं, आणि नाहीच थांबलं तर तुम्हाला पुढच्या बंदरापर्यंत पोचवणं ही त्यांची जबाबदारी असते. स्वतः फिरताना स्वस्त पडतं, हवं तिथे रेंगाळता येतं, पण उशिराची जोखीम पूर्ण तुमची.

म्हणून नियम सोपा ठेवा. ठिकाण लांब असेल, जसं रोम किंवा बँकॉक, तर जहाजाची टूर घ्या. ठिकाण जवळ असेल, जसं कोची, तर स्वतः फिरा. सोबत चालायला त्रास होणारे ज्येष्ठ असतील तर दिवसभरासाठी एकच टॅक्सी ठरवा. भाडं ठरवताना थांबण्याचा वेळ, ठिकाणं आणि टर्मिनलला परत सोडण्याची वेळ, तिन्ही बोलून घ्या. "वाटेत कुठल्याही दुकानात थांबायचं नाही" हेही आधीच सांगा. कारण ड्रायव्हरला दुकानदाराकडून कमिशन मिळतं आणि 'फक्त बघा' म्हणता म्हणता तुमचा एक तास साड्यांच्या शोरूममध्ये जातो.

आणि जहाज चुकलंच तर?

घाबरून समुद्राकडे बघत बसू नका. प्रत्येक बंदरात क्रूझ कंपनीचा स्थानिक प्रतिनिधी असतो, त्याला पोर्ट एजंट म्हणतात. त्याचा नंबर जहाजावर रोज मिळणाऱ्या माहितीपत्रकात किंवा ॲपवर असतो. उतरण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा. परदेशात प्रवासी आलाच नाही, तर अनेक कंपन्या खोलीतल्या तिजोरीतून त्याचा पासपोर्ट काढून एजंटकडे देतात.

पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च मात्र तुमचा. कोचीत विमानतळ नेडुंबश्शेरीला आहे, शहराबाहेर बराच लांब. आणि पुढचा थांबा लक्षद्वीप असेल तर निव्वळ विमानाचं तिकीट पुरत नाही, तिथे जायला प्रवेश परवानाही लागतो. अशा वेळी बहुतेकदा थेट घरचं तिकीट काढणं हाच पर्याय उरतो.

म्हणून जहाजातून उतरताना खिशात पाच गोष्टी असू द्या : मूळ ओळखपत्र, जहाजाचं कार्ड, थोडी रोख रक्कम, चार्ज केलेला मोबाइल आणि दोन दिवसांची औषधं. शेवटची गोष्ट लोक विसरतात. रक्तदाबाची, मधुमेहाची गोळी खोलीतल्या बॅगेत राहते आणि बॅग समुद्रात.

गावाच्या बाजूनेही बघू

शेवटचा मुद्दा आपल्या वेळेचा नाही, गावाचा आहे. एक जहाज लागलं की शेकडो, कधी हजारो माणसं एकदम उतरतात, एकाच गल्लीत जातात, फोटो काढतात आणि जेवायला पुन्हा जहाजावर येतात, कारण तिथलं जेवण पैसे भरून झालेलं असतं. गावाला मिळते गर्दी, आणि गल्ला मात्र थोडकाच. जगात काही शहरांनी यावर उपायही केलेत. व्हेनिसमध्ये ऑगस्ट २०२१पासून मोठ्या क्रूझ जहाजांना जुन्या शहराला लागून असलेल्या ज्युडेक्का कालव्यातून जायला बंदी आहे. क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिकने एका वेळी दोनच जहाजं येतील अशी मर्यादा ठरवून घेतली.

कोचीवर अशी वेळ आलेली नाही. पण आपण एवढं करू शकतो की जहाजावरचं एक जेवण सोडून फोर्ट कोचीतल्या छोट्या खानावळीत बसावं. केळीच्या पानावर भात, सांबार, थोरन, खाणाऱ्यांसाठी माशाची करी. मिरी, वेलची घ्यायची तर ज्यू टाउनमध्ये दोन-तीन दुकानांत भाव विचारून घ्यावी आणि बंद पाकिटातच घ्यावी. शिजवलेलं अन्न आणि दारू बाहेरून नेऊ देत नाहीत.

आता पुन्हा तो हिशोब एका ओळीत : परत चढण्याच्या शेवटच्या वेळेच्या एक तास आधी टर्मिनल, त्याच्या पाऊण तास आधी परतीची गाडी, आणि त्याआधी जे उरेल तेवढंच आपलं शहर. कोचीत ते पावणेचार तास उरतात. त्यात एक राजवाडा, एक प्रार्थनामंदिर, एक थडगं, एक जाळं आणि एक जेवण नीट होतं. बाकीचं पुढच्या वेळी रेल्वेने येऊन बघता येईल. कोकण रेल्वेची गाडी तर तुम्हाला तिथे नेतेच, आणि परतीची तारीख तुम्ही ठरवता.

तुमच्या ओळखीत कुणाचं क्रूझचं बुकिंग झालं असेल तर हा लेख त्यांना आजच पाठवा. व्हिडिओत टाळ्या वाजवणाऱ्यांच्या बाजूला राहणंच बरं, नाही का?